आधी पोहायला शिका

जून-जुलै उजाडला की शिरूर-दौंडकडे गुणवंतांचे सत्कार सुरू होतात. मंगल कार्यालयात खुर्च्या मांडून होतात, पाहुणे उशिरा येतात, आणि माइक हातात आला की बहुतेक जण एकच सांगतात: मोठी स्वप्नं बघा. टाळ्या पडतात. पोरंपोरी प्रमाणपत्र आणि वडापाव घेऊन घरी जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून नेमकं काय करायचं, ते मात्र कोणी सांगत नाही. मला त्या दुसऱ्या दिवसाबद्दल बोलायचं आहे. तुमचं वय तेरा ते अठराच्या मधलं असेल तर हे तुमच्यासाठी आहे. आईबापांनी वाचलं तरी हरकत नाही; शेवटी थोडं त्यांच्यासाठीही आहे.

उदाहरण घेतो ते कमांडर दिलीप दोंदे यांचं. शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. १९ ऑगस्ट २००९ रोजी ते मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये मुंबईलाच परतले. वाटेत थांबे चारच: ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल, न्यूझीलंडमधलं लिटलटन, फॉकलंड बेटांवरचं पोर्ट स्टॅनली आणि दक्षिण आफ्रिकेतलं केपटाउन. या खेळाचे नियम कडक आहेत. पनामा किंवा सुएझसारखा कालवा वापरायचा नाही, विषुववृत्त ओलांडायचं, सगळी रेखावृत्तं कापायची, दक्षिणेकडच्या मोठ्या भूशिरांना वळसा घालायचा आणि किमान २१,६०० सागरी मैल अंतर तोडायचं. त्यातलं केप हॉर्न हे दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं भूशिर खलाशांचा कर्दनकाळ म्हणून ओळखलं जातं. दोंदे यांनी ते ओलांडलं २६ जानेवारी २०१० रोजी. इकडे शाळाशाळांत झेंडावंदन करून जिलेबी वाटली जात होती, त्या दिवशी.

तुम्ही म्हणाल, आमचा समुद्राशी काय संबंध? आमच्या वाट्याला ऊस, कांदा आणि उन्हाळ्यात टँकर. बरोबर आहे. पण ही मोहीम ज्यांच्या डोक्यातून निघाली ते व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर राहत होते फलटणजवळच्या विंचुर्णीत. १९७१ च्या युद्धात 'कामोर्टा' या युद्धनौकेचं नेतृत्व करून वीर चक्र मिळवलेला माणूस. दौंडहून बारामती, बारामतीहून फलटण, की पुढे विंचुर्णी आलीच. समुद्र तिथूनही दिसत नाही. एखाद्या भारतीयाने एकट्याने जगाला फेरी मारावी, ही कल्पना या म्हाताऱ्या नौसैनिकाने धरून ठेवली आणि नौदलाच्या गळी उतरवली. २००६ मध्ये कोण तयार आहे, अशी विचारणा झाली तेव्हा दोंदे यांनी होकार दिला.

इथपर्यंतची गोष्ट कोणत्याही सत्कारात सांगता येईल. मला रस आहे तो २००६ आणि २००९ यांच्या मधल्या काळात.

होकार दिला तेव्हा दोंदे चाळिशीला टेकले होते. नौदलातले पाणबुडे, समुद्र त्यांना अंगवळणी पडलेला. पण एकट्याने जगप्रदक्षिणा कशी करतात, हे त्यांना माहीत नव्हतं. देशात कोणालाच माहीत नव्हतं, कारण कोणी केलीच नव्हती. होडीही नव्हती. म्हणून ते आधी इंग्लंडला गेले, सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे. १९६८-६९ मध्ये न थांबता एकट्याने जगाला फेरी मारणारा हा पहिला माणूस, आणि त्याची 'सुहेली' ही सागवानी होडी बांधली गेली होती आपल्या मुंबईत. तिथे दोंदे यांनी काय केलं? नॉक्स-जॉन्स्टन पुढच्या शर्यतीची तयारी करत होते, त्या तयारीत हाताखाली काम केलं. नौदलातला कमांडर दुसऱ्याच्या होडीवर मदतनीस झाला. मला ही गोष्ट केप हॉर्नपेक्षा मोठी वाटते.

मग परत येऊन गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या छोट्या कारखान्यात होडी बांधायला घेतली. छप्पन फूट लांबीची, लाकूड आणि फायबर ग्लासची. नाव ठेवलं 'म्हादेई', गोव्याच्या नदीवरून. दांडेकरांनीही अशी होडी पूर्वी बांधलेली नव्हती. होडी पाण्यात उतरून नौदलाच्या ताब्यात आली २००९ च्या सुरुवातीला. मग चाचण्या, मॉरिशसची फेरी, तिथून गोव्यापर्यंत एकट्याने परतण्याचा सराव, आणि मग ऑगस्ट. हिशेब बघा: मोहीम नऊ महिन्यांची, तयारी तीन वर्षांहून जास्त. आणि त्या तीन वर्षांत टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं. फायबरची धूळ, पंप, वायरिंग, दोरखंड, नकाशे, सरकारी कागद.

एकट्या खलाशाला भर समुद्रात मेकॅनिक बोलावता येत नाही. शीड फाटलं तर शिवायचं त्यानेच. पाइप गळला, बॅटरी बसली, सुकाणू अडलं, बोट कापलं, तरी सगळं त्याच्याच हातात. होडी बांधताना जो तिच्या पोटात शिरून प्रत्येक नळी आणि वायर बघतो, त्याला मध्यरात्रीच्या वादळात कुठे हात घालायचा हे कळतं. साहसाचं हे घरगुती, कंटाळवाणं अंग रीलमध्ये दिसत नाही. तीस सेकंदांत मावतं ते फक्त शिखर.

आता आपल्या भागात या. शिरूर तालुक्यातल्या पाबळला बरेच जण मस्तानीच्या समाधीसाठी ओळखतात. तिथेच १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत डॉक्टरेट केलेला, मोठ्या कंपनीत संशोधन करणारा हा माणूस ते सगळं सोडून दुष्काळी गावात आला आणि शाळेत न रमलेल्या पोरांना हाताने काम करत शिकवू लागला. वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, माती परीक्षण, कोंबडीपालन, स्वयंपाक, रक्तगट तपासणं. कलबाग २००३ मध्ये गेले, आश्रमाचं काम सुरू आहे. मला विचाराल तर म्हादेईवर लागणारं निम्मं शिक्षण पाबळात मिळतं. केप हॉर्नला जायचं तर लाखो रुपयांचा कोर्स कर, असं मी तुम्हाला सांगणार नाही. घरच्या मोटारीचा स्टार्टर उघडून बघ, सायकलची चेन स्वतः बसव, पंक्चर स्वतः काढ, चार माणसांचा स्वयंपाक येईल एवढं शीक. पोरींना यातलं शेवटचं शिकवतात आणि पोरांना पहिलं. दोघांनी दोन्ही शिकायचं.

आणि सराव म्हणजे काय, हे तुमच्यातल्या काहींना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. दौंडमध्ये राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत, त्यामुळे वर्दीचं आकर्षण इथे जुनंच. पहाटे रस्त्यावर भरतीची तयारी करणारी पोरंपोरी धावताना दिसतात: मुलांचे सोळाशे मीटर, मुलींचे आठशे, मग शंभर मीटर, मग गोळा. आज दोन सेकंद कमी झाले, उद्या पुन्हा वाढले, पाय भरले, तरी परवा पुन्हा उतरायचं. यातल्या प्रत्येकाला वर्दी मिळत नाही. जागा कमी आणि अर्ज भरमसाट, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण वर्षभर पहाटे उठून धावलेलं शरीर आणि मोडून पुन्हा बसवलेली शिस्त कोणी परत मागत नाही. त्या पोरांना कोणी साहसवीर म्हणत नाही. म्हणायला हवं.

शिरूरच्या बेट भागातल्या पोरांसाठी एक सूचना मात्र इथेच. ऊस उभा असताना अंधारात एकट्याने धावू नका. बिबट्याने तुमच्याच गावांतली माणसं नेली आहेत. उजाडल्यावर, घोळक्याने, उसाच्या कडेचा रस्ता टाळून धावा. अर्ध्या तासाने उशिरा सुरू झालेल्या सरावाने कोणाची भरती हुकत नाही.

आता पाण्याचं. दौंड भीमेच्या काठी, शिरूर घोडनदीच्या काठी, आणि घोड पुढे भीमेलाच मिळते. शेतात विहिरी, शेततळी, तालुक्यांतून जाणारे कालवे, खाली उजनीचं पाणी. इतकं पाणी भोवती असून पोहता न येणारी पोरंपोरी किती आहेत हे वर्गात हात वर करायला सांगून बघा. जुनी माणसं पाठीला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून विहिरीत ढकलायची. पद्धत आडदांड होती, पण वरून दोराला धरून कोणीतरी मोठं माणूस उभं असायचं. आता विहिरींवर ते माणूस नसतं, मोबाइल असतो. मित्र मुटका मारतो, दुसरा शूटिंग करतो.

नदी तर आपल्या आजोबांच्या वेळची राहिलेली नाही. वाळू उपसून उपसून पात्रात खड्डे झालेत. गुडघाभर पाण्यातून दोन पावलं पुढे टाकली की पुरुषभर खोल. वरून पाणी सपाटच दिसतं. कालव्याला आवर्तन सुटलं की सिमेंटच्या उतारावर शेवाळाने पाय ठरत नाही. आत पडलेला माणूस पोहता येत असूनही कडेला चढू शकत नाही. शेततळ्याच्या प्लास्टिकचं तेच. म्हणून नदीत, कालव्यात किंवा शेततळ्यात शिकायचं नाही. जलतरण तलाव जवळ असेल तर तिथे, नाहीतर पायऱ्या असलेल्या विहिरीत, मोटार बंद करून, दोर सोडून, आणि काठावर पोहणारं मोठं माणूस असेल तरच. कोणी बुडताना दिसलं तर उडी मारायची नाही. दोर, साडी, रिकामा ड्रम, गाडीची ट्यूब, जे हाताला लागेल ते फेकायचं आणि ओरडून माणसं गोळा करायची. बुडणारा गळ्याला मिठी मारतो. एकाला वाचवायला गेलेल्या दोघातिघांची नावं दुसऱ्या दिवशी एकाच बातमीत वाचायला मिळतात.

मे २०२४ मध्ये उजनीच्या पाण्यात कुगाव आणि कळाशीच्या मधे वादळात बोट उलटली आणि सहा जण गेले. रोजच्या ये-जा करण्याची ती वाट होती. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला आले. पोहता येणं हा छंदाचा विषय नाही, हे यापेक्षा वेगळं सांगायला नको. आणि बोटीत बसताना लाइफ जॅकेट मागा. बोटवाला हसेल. हसू द्या. दर्यावर्दी माणूस जॅकेट आणि सुरक्षा पट्टा घालतो आणि होडीला स्वतःला दोरीने जोडून घेतो. तुम्ही तर उजनीत कडेपर्यंतच जाणार आहात.

मागे फिरण्याबद्दल आपण फारच कमी बोलतो. २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या आदिवासी विकास विभागाने 'मिशन शौर्य' काढलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांतली अठरा-एकोणीस वर्षांची दहा मुलंमुली एव्हरेस्टच्या मोहिमेवर नेली. त्यातली पाच शिखरावर पोचली. पेपरात त्या पाचांचे फोटो आले आणि यायलाच हवे होते. आश्रमशाळेच्या अंगणातून एव्हरेस्टच्या माथ्यापर्यंत जाणं म्हणजे चेष्टा नाही. पण उरलेल्या पाचांबद्दल मी जास्त विचार करतो. इतक्या वर जाऊन, शिखर न गाठता वळणं, आणि खाली आल्यावर 'झालं का?' या प्रश्नाला 'नाही' म्हणणं. तुमच्या मित्रांच्या टोळीत 'नको, मी नाही येत' म्हणायला यापेक्षा कमी हिंमत लागते, तरी ती होत नाही. पावसाळ्यात कड्याच्या टोकावर फोटोला उभं राहायला सगळे म्हणतात म्हणून आपण उभे राहतो. परवाना नसताना नगर रस्त्यावर तिघे एका गाडीवर बसतो, कारण दोघे आधीच बसलेत. कायद्याने अठराच्या आतल्या मुलाने विनापरवाना गाडी चालवली तर पंचवीस हजार दंड आणि बापाला तुरुंगही होऊ शकतो, हे घरी एकदा मोठ्याने वाचून दाखवा. अनेक घरांत चावी बापच देतो.

मदत मागण्याचंही तसंच. अभिलाष टॉमी हे दोंदे यांच्यानंतरचे. त्याच म्हादेईतून २०१२-१३ मध्ये ते न थांबता जगाला फेरी मारून आले. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळात त्यांची होडी उलटीपालटी झाली, डोलकाठी मोडली आणि पाठीचा कणा जायबंदी झाला. उठून उभं राहता येईना. त्यांनी संदेश पाठवला आणि पडून राहिले. तीन दिवसांनी मासेमारीवर गस्त घालणाऱ्या फ्रेंच सरकारी जहाजाने त्यांना उचललं. नौदलातल्या माणसाने 'मला न्यायला या' असं सांगण्यात कोणाला कमीपणा दिसला नाही. पाठीत टायटॅनियमच्या सळ्या घालून हाच माणूस पुन्हा त्याच शर्यतीत उतरला आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरा आला. तुमच्यापैकी कोणी अभ्यासाने, घरच्या भांडणाने, प्रेमभंगाने किंवा मोबाइलवर कोणी धमकावल्याने खचला असेल, तर आई, मावशी, सर, बाई, जो विश्वासाचा वाटेल त्याला आजच सांगा. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर फुकट आहे आणि रात्रीही लागतो.

वयाची घाई करू नका. पुण्याची वेदांगी कुलकर्णी एकोणिसाव्या वर्षी सायकलवर जगाला फेरी मारायला निघाली आणि २०१८ च्या डिसेंबरात सुमारे एकोणतीस हजार किलोमीटर पुरे करून आली. दोंदे यांची पाळी चाळिशीजवळ आली. दोन्ही ठीक. पंधराव्या वर्षी कोणीच ठरवलेलं नसतं, फक्त नातेवाइकांना वाटतं की ठरलेलं असावं.

सुरुवात जवळून करा. दौंडकरांनी सोनोरीचा मल्हारगड बघावा: मराठ्यांनी उशिरा बांधलेल्या गडांपैकी, लहान आणि चढायला सोपा. शिरूरकरांना शिवनेरी आहे. जाताना घरी कागदावर लिहून ठेवा: कोण कोण, कुठल्या वाटेने, किती वाजता परत, आणि तोवर आलो नाही तर कोणाला फोन करायचा. ट्रेक नेणारी संस्था असेल तर विचारा की साहसी पर्यटनासाठी सरकारकडे नोंदणी आहे का; २०२१ पासून राज्याचं तसं धोरण आहे. विचारल्यावर चिडणाऱ्याबरोबर जाऊ नका. शाळेत एनसीसी असेल तर नाव घाला. डोंगरच हवा असेल तर दार्जिलिंग, उत्तरकाशी आणि मनालीला सरकारी गिर्यारोहण संस्था आहेत. त्यांच्या वयाच्या अटी आणि फी आधी बघा.

आता आईबापांसाठी, मुलींबद्दल. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ पासून मुलीही आहेत. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली 'तारिणी' होडीतून जगाला फेरी मारून आल्या. त्यांना शिकवायला दोंदे होते. त्या सहाजणींनाही कोणीतरी कधीतरी पहिल्यांदा पाण्यात उतरू दिलं होतं. आपल्याकडे मुलगी सातवीत गेली की पोहणं बंद होतं: कपडे, लोक काय म्हणतील, शिकवायला पुरुष. अडचणी खोट्या नाहीत, पण सुटणाऱ्या आहेत. गावातल्या चार घरांनी मिळून तलावावर मुलींसाठी वेगळी वेळ मागा, पोहणारी बाई शोधा, ती मिळेपर्यंत आईने काठावर बसावं. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख बाजारात मिळतो. मुलगी परतल्यावर केस ओले दिसतील, एवढंच.

पोरांनो, पोरींनो, पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात उभं करून तोंड बुडवायला आणि नाकाने बुडबुडे सोडायला शिकवतात. नाकात पाणी जाईल, डोळे चुरचुरतील. तेवढंच करून घरी या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.